पंप कुणी संपवला

(भूमचा सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड, दुपार. सारजाबाई खाटेवर टेकून बसलेली. तिचा नवरा बब्रुवान पायथ्याशी स्टुलावर. राजेश्वरी सिस्टरच्या हातात दम्याचा निळा पंप.)

राजेश्वरी : नाही मावशी, विषय बदलू नका. हा आकडा वाचा. इथं, पंपाच्या पाठीवर, बारक्या खिडकीत.

सारजाबाई : पूज्य हाय.

राजेश्वरी : पूज्य म्हणजे संपला. कधी संपला?

सारजाबाई : म्या कुठं बघितलंय. अजून आवाज येतोय की. हालीवला तर आत खळखळतंय.

राजेश्वरी : तो गॅस. औषध संपलं तरी गॅस राहतो आत. दाबलं की फुस्स होतं, जिभेला गार लागतं, माणसाला वाटतं मिळालं औषध. परवा सकाळी किती वेळा दाबला?

सारजाबाई : चारदा. मंग आणखी चारदा. त्येच्या म्होरं मोजलं न्हाय.

राजेश्वरी : आणि फरक?

सारजाबाई : आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार.

राजेश्वरी : मलाही तेच कळत नाहीये, आड कुणी उपसला. कार्डावर तारीख आहे. चाळीस दिवस झाले हा पंप देऊन. नवा दिला तेव्हा दोनशे दाबांचा होता. तुम्ही दिवसाला किती घेता?

सारजाबाई : रोज घेतच न्हाय. दम लागला तरच. आठवड्यातनं दोन-तीन डाव.

राजेश्वरी : एका वेळी दोन दाब?

सारजाबाई : दोन. तुमीच सांगितलंय.

राजेश्वरी : चला, रोज घेतला असं धरू. दोन दाब, चाळीस दिवस. ऐंशी. मग बाकीचे एकशेवीस कुठं गेले?

बब्रुवान : अवो सिस्टर, कशाला तिचं डोस्कं खाता. दोन दिस झाले तिला अन्न ग्वाड न्हाय. बाईमानूस, राहतंय व्हय ध्यानात? जीव घाबरला की वढला, घाबरला की वढला. संपला आसंल आसाच.

सारजाबाई : म्या दूध मोजून घेते सिस्टर. बत्तीस घरचं. रोज. पावशेराचा घोळ न्हाय आजवर. मला मोजता येतंय.

बब्रुवान : दूध येगळं अन जीव येगळा.

राजेश्वरी : काका, मला भांडण लावायचं नाही. मी कालची ड्युटी करून आजची करतेय, माझ्यात भांडणाचं बळ पण नाही. पण हे डॉक्टरांना सांगावं लागतं. चाळीस दिवसांत दोनशे दाब म्हणजे रोजचे पाच. एवढा निळा पंप लागतोय म्हणजे आतला आजार वाढलाय. मग डॉक्टर औषध वाढवणार, नाहीतर धाराशिवला पाठवणार. आणि मावशींनी घेतलेच नसतील, तर नसलेल्या आजाराचं औषध त्यांच्या पोटात जाणार. म्हणून विचारतेय.

बब्रुवान : मंग लिहा की. तिनंच वढला. दुसरं कोण हाय घरात? पोरगा अमरसिंह पुण्याला कंपनीत. सून, नात त्येच्यापाशी. घरात आमी दोन म्हातारी.

सारजाबाई : लिहा म्हणतेत तर लिहा.

राजेश्वरी : असं नका बोलू मावशी. बरं, राहू द्या. पिशवी द्या ती, सगळी औषधं बघते. हा गुलाबी पंप रोजचा, सकाळ-संध्याकाळ. हा घेता ना न चुकता?

सारजाबाई : घेते. चूळ भरते वर.

राजेश्वरी : शाब्बास. चूळ नाही भरली तर तोंड येतं, लक्षात आहे तुमच्या. आणि ही गोळ्यांची पट्टी कशाची? ही तर आपण दिलेली नाही. मावशी, ही घेता तुम्ही?

बब्रुवान : ती माझी हाय. चुकून पडली आसंल पिशवीत. द्या हिकडं.

राजेश्वरी : तुमची? ही छातीच्या धडधडीची गोळी आहे काका.

बब्रुवान : धडधडत व्हतं मधी. हात बी कापायचे. गावात मोटरसायकलवर येतेत त्ये डाक्तर, त्येंनी दिली. बरं वाटतंय.

राजेश्वरी : त्यांनी विचारलं का, दम लागतो का म्हणून?

बब्रुवान : इचारलं. म्या म्हणलं न्हाय.

राजेश्वरी : मग ठीक. कारण ही गोळी दमेकऱ्याला चालत नाही. श्वासाच्या नळ्या आवळते. निळा पंप नळ्या उघडतो, ही गोळी आवळते. दोन्ही चालू ठेवलं की माणूस दारात अडकल्यासारखा होतो. मावशींच्या हाताला ही पट्टी लागता कामा नये. वेगळ्या खिशात ठेवा.

बब्रुवान : ठिवतो. खिशातच ठिवतो.

राजेश्वरी : तुम्हाला नाही ना दमबिम?

बब्रुवान : मला? अवो चार चार तास कढईपुढं उभा राहतो म्या. बाभळीचा धूर, दूध आटूस्तवर हात थांबवायचा न्हाय. दमाचा मानूस करील व्हय?

राजेश्वरी : नाही करणार. बरं, आता इकडं बघा मावशी. हा नवा पंप. आकडा?

सारजाबाई : दोनशे.

राजेश्वरी : हलवा. जोरात हलवा, पाच-सहा वेळा. आता ही प्लास्टिकची मोठी नळी, स्पेसर. पंप हिच्या मागं बसवायचा. आधी श्वास सोडायचा. सगळा सोडा. आता ओठ घट्ट मिटा नळीवर. दाबा एकदा. सावकाश ओढा. घाई नको, पोरं उसाचा रस ओढतात तशी नाही, हळू. आता धरा आत. मी मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. सोडा.

सारजाबाई : हं.

राजेश्वरी : बघा, छान. आता एक मिनिट थांबायचं, मग दुसरा.

बब्रुवान : अन न्हाय थांबलं तर?

राजेश्वरी : काय काका?

बब्रुवान : न्हाय, म्हणलं, येकामागं येक दाबले तर? घाईचा मानूस आसला तर?

राजेश्वरी : अर्धं औषध तोंडातच राहतं. आणि जास्त जास्त घेत गेलं की हात कापतात, छाती धडधडते. दोन दाबांनी उतार नाही पडला तर परत घ्यायचा, पण मग घरी बसून राहायचं नाही, गाडी बघायची आणि इकडं यायचं. चार तासांच्या आत परत लागला, तरी यायचं. पंपावर पंप मारत घरी दम काढायचा नाही. आमची अव्वा जळकोटला असंच करायची. मुलगी नर्स, आणि आईचं हे. अय्यो, मी किती रागवले असेन तिला. घ्या मावशी दुसरा. झालं मिनिट.

सारजाबाई : झालं.

राजेश्वरी : आकडा वाचा.

सारजाबाई : येकशे अठ्ठ्याण्णव.

राजेश्वरी : आता रोज सकाळी हा आकडा बघायचा. वीसवर आला की इथं यायचं, पूज्य होईपर्यंत थांबायचं नाही.

बब्रुवान : आणा, म्या ठिवतो पिशवीत. च्या बी घिऊन येतो खालनं. सिस्टर, तुमाला?

राजेश्वरी : नको काका. तुम्ही घ्या. जिना हळू उतरा.

बब्रुवान : हे काय, आलोच.

सारजाबाई : पिशवी कशाला न्हेता? राहू द्या की हितं.

बब्रुवान : सुट्टे हायेत त्येच्यात. आलोच म्हणलं ना.

राजेश्वरी : काकांचं बरं आहे तसं. दोन दिवस खाटेजवळून हलले नाहीत.

सारजाबाई : हलले न्हाईत, व्हय. जिथं हलायचं तिथं हलले आसतील.

राजेश्वरी : म्हणजे?

सारजाबाई : काय न्हाय. बसा घडीभर. तुमचं बी तोंड उतरलंय.

राजेश्वरी : बसले की उठवत नाही मला. बोला तुम्ही, मी कार्ड भरते उभ्यानं. भट्टी आता काकाच बघतात का? तुम्ही नाही ना जात धुरात?

सारजाबाई : दोन वर्सं झाली, न्हाय जात. आदी तीस वर्सं म्याच हालवायची कढई. आमचा खवा लई चोख, करपल्याचा वास म्हणून यायचा न्हाय. मंग खोकला लागला. बार्शीचे मल्लिनाथशेट हायेत, आमचा समदा खवा त्येच घेतेत. आले येक दिवस अन मला खोकताना बघितलं. माझ्या म्होरंच ह्येंना म्हणाले, काकूंना कढईपसनं लांब ठिवा, खोकणाऱ्या मानसाच्या हातचा खवा गिऱ्हाईक खात न्हाय.

राजेश्वरी : दमा काय असा लागतो का दुसऱ्याला? टीबी आहे का तो?

सारजाबाई : त्येंना कोण सांगणार? त्या दिसापसनं उलथणं ह्येंच्या हातात गेलं. म्या दारात बसून दूध मोजती. धूर दारात बी येतोयच की.

राजेश्वरी : ते पण सांगायचंय मला. दारातसुद्धा बसायचं नाही.

सारजाबाई : तुमी सांगा. आमी ऐकतो. घरी गेल्यावर भट्टी काय ऐकती व्हय.

राजेश्वरी : परवा आलात कशा इथवर? केसपेपरवर नुसतं मोटरसायकल लिहिलंय. बसवलं कसं तुम्हाला?

सारजाबाई : जीप गेली व्हती परंड्याला. येष्टीला तास होता. मंग ह्येंनी गाडी काढली. मला मागं बसिवलं अन धोतरानं बांधलं आपल्या अंगाला, पडू नी म्हणून. म्या डोस्कं टेकलं पाठीला. कान पाठीवर. आत मांजर घुरघुरल्यावाणी आवाज यायचा. म्या म्हणलं माझीच छाती वाजतीय.

राजेश्वरी : बेशुद्ध व्हायला आल्या होतात तुम्ही. असे भास होतात.

सारजाबाई : भास आसंल. पर हितं आल्यावर तुमी मला वाफ दिली. माझा आवाज थांबला. ह्ये मला धरून बसले व्हते. त्येंच्या पाठीतला आवाज चालूच व्हता.

राजेश्वरी : मावशी, थांबा हं. तिकडं सलाईन संपलंय बहुतेक, हाका मारतायत. डिस्चार्जचा कागद घेऊन येते, मग बोलू. तोवर उठू नका.

सारजाबाई : जावा तुमी. म्या कुठं जातीय.

बब्रुवान : ह्ये घे च्या. साखर कमी टाकायला सांगितली. गेली व्हय सिस्टर? लई बोलती बाई, पर मनाची चांगली. घे ना. निवल.

सारजाबाई : पिशवी द्या.

बब्रुवान : च्या पी आदी.

सारजाबाई : पिशवी द्या म्हणते म्या.

बब्रुवान : काय पायजे तुला? म्या देतो काढून. पाणी का?

सारजाबाई : पंप.

बब्रुवान : पुन्यांदा दम लागला? हाका मारू का सिस्टरला?

सारजाबाई : न्हाय लागला. दावा मला नुसता. हां. हिकडं करा, उजेडात. येकशे ब्याण्णव.

बब्रुवान : काय?

सारजाबाई : तुमी पिशवी न्हेली तवा येकशे अठ्ठ्याण्णव व्हते. म्या वाचलं, तिनं ऐकलं. आता येकशे ब्याण्णव हायेत. सहा. जिन्यात वढले का संडासात?

बब्रुवान : पडला आसंल खाली. दाबला गेला आसंल पिशवीत. च्या धरायचा, पिशवी धरायची, दोन हात मानसाला.

सारजाबाई : सहा डाव पडला?

बब्रुवान : तुला संशयच लई. आजारी मानसाचं आसंच आसतंय. म्या दोन दिस हितं कुत्र्यावाणी बसलोय अन तू मला आकडं दाखिवतीस.

सारजाबाई : वरडू नगा. वरडलं की तुमाला धाप लागती. लागली बघा.

बब्रुवान : जिना... जिना चढून आलोय.

सारजाबाई : बसा. बसा खाली. म्या काय तुमाला मारणार न्हाय. माझ्यात पेला उचलायचं बळ न्हाय. कवापसनं?

बब्रुवान : काय कवापसनं?

सारजाबाई : अवो.

बब्रुवान : दिवाळीपसनं. त्येच्या मागंम्होरं.

सारजाबाई : कुठं वढायचा?

बब्रुवान : सरपणाच्या खोपीत. सकाळी भट्टी पेटवायच्या आदी दोन. मंग कढई उतरवली की दोन-तीन. घेतल्याबिगर उभंच राहवत न्हाय. धूर गेला की हितं, गळ्यापाशी, दोरीच आवळली जाती.

सारजाबाई : माझ्या उशापसनं न्ह्यायचा?

बब्रुवान : परत ठिवायचो. जिथल्या तिथं.

सारजाबाई : व्हय. ठिवायचा. रिकामा करून.

बब्रुवान : येकदम न्हाय झाला गं रिकामा.

सारजाबाई : अन मला काय म्हणायचा तीन वर्सं? पंप म्हंजी शेवटचा इष्टाप. सवय लागती. पाव्हण्यांम्होरं काढू नगंस, लाज वाटती. ताईच्या पोरीच्या लग्नात म्या मांडवामागं जाऊन वढला पंप, पदर आडवा धरून, का, तर तुमाला लाज वाटती. अन तुमी सोता खोपीत. तवा न्हाय वाटली?

बब्रुवान : वाटायची. म्हणून तर खोपीत.

सारजाबाई : मला सांगायचं. म्या काय गावात दवंडी दिली आसती?

बब्रुवान : तुझं कळलं तर शेटनं तुला कढईपसनं उठिवलं. माझं बी कळलं तर भट्टीच बंद. बत्तीस घरचं दूध हाय, सारजा. रोज सकाळी लोकं किटल्या घिऊन दारात उभी राहतेत. त्येंना काय सांगू? दम लागतोय, न्या परत? अमरसिंह येतोय व्हय धुरात उभं राहायला? म्या म्हणलं झाकली मूठ सव्वा लाखाची. रेटायचं रेटवल तेवढं.

सारजाबाई : त्या मुठीत माझा जीव व्हता.

बब्रुवान : व्हय.

सारजाबाई : आकडा बघत व्हता का न्हाय तुमी?

बब्रुवान : च्या निवला बघ.

सारजाबाई : बोला. म्या न्हाय बघितला, माझी चूक. म्या आपली हालवून बघायची, वाजतंय, हाय म्हणायची. तुमी बघत व्हता का?

बब्रुवान : बघत व्हतो. चाळीस राहिले तवा म्हणलं, आता नवा आणाया पायजे. मंग म्हणलं भूमला जावं तर सिस्टर इचारणार, येवढ्यात कसा संपला. तुला इचारणार. तू म्हणणार म्या न्हाय वढला. आज जाऊ उद्या जाऊ केलं. मंग वीस. मंग पाच.

सारजाबाई : मंग पूज्य.

बब्रुवान : परवाच्या आदल्या दिशी सकाळी. शेवटचा म्याच घेतला.

सारजाबाई : म्हंजी परवा म्या दाबत व्हते तवा तुमाला ठावं व्हतं?

बब्रुवान : ठावं व्हतं.

सारजाबाई : चारदा दाबला. तुमी म्हणला, आणखी दाब.

बब्रुवान : काय म्हणायचं सुचंना. तू माझ्याकडं बघत व्हतीस. तुझं डोळं पांढरं व्हायला लागलं. म्या म्हणलं देवी, काय बी कर, त्येच्यात येखादा तरी राहिलेला निघू दे. मंग पळालो गाडी काढायला. किल्ली हातात अन म्या किल्ली हुडकतोय.

सारजाबाई : त्यो च्या तिकडं ठिवा. नगं मला.

बब्रुवान : मार मला. शिव्या दे. पर अशी बघू नगंस.

सारजाबाई : शिव्या द्यायला श्वास लागतोय. त्यो बी मापातच हाय आता. म्या तुमच्यावर लई रागावलीय. ह्यो राग आठ दिसात जायचा न्हाय, वर्सात बी जायचा न्हाय. समजून राहा.

बब्रुवान : व्हय.

सारजाबाई : अन ती गोळी?

बब्रुवान : कंची?

सारजाबाई : खिशातली. आवळणारी. आज सकाळी घेतली का?

बब्रुवान : घेतली. धडधडत व्हतं.

सारजाबाई : पंप वढून वढून धडधडाया लागलं, म्हणून गोळी. गोळीनं नळी आवळली, म्हणून आणखी पंप. त्या डाक्तरला सांगितलं आसतं येवढंच, की म्या पंप वढतो, तर त्येनं दिली आसती व्हय ती? ऐकलं न्हवं सिस्टरनं काय सांगितलं? का कान बी खोपीत ठिवून आला?

बब्रुवान : ऐकलं. टाकून देतो. खिडकीतनं फेकतो आत्ताच.

सारजाबाई : फेकू नगा. आपल्या मनानं घ्यायचं बी न्हाय अन आपल्या मनानं टाकायचं बी न्हाय. लई झालं आपल्या मनाचं. सिस्टर येतीय आता कागद घिऊन. तिला सांगा.

बब्रुवान : सारजा, ऐक माझं. आसं करू. तू म्हण, मला लई लागतो. दोन पंप मागून घिऊ तुझ्या नावावर. येक तुझा येक माझा. आकडा बघत जाऊ रोज, तुझी आण. गोळी बंद करतो. कुणाला कळायचं कारण न्हाय.

सारजाबाई : म्हंजी माझ्या नावावर तुमचा आजार लिहायचा.

बब्रुवान : नुसतं कागदावर गं.

सारजाबाई : त्या कागदावरनं माझ्या अंगात औषध जाणार. सिस्टर म्हणली की, नसलेल्या आजाराचं. अन तुमच्या असलेल्या आजाराला काय जाणार? खोपीतला पंप? तुमाला तर वढता बी येत न्हाय, भसाभसा दाबता अन गिळता. सहा दाबून बी धाप हाय तशीच हाय. बघा सोताकडं. ववठ काळं पडलेत तुमचं.

बब्रुवान : भट्टीचं काय करायचं?

सारजाबाई : मला ठावं न्हाय.

बब्रुवान : लोकं दूध घिऊन येतील.

सारजाबाई : येतील. चार दिस डेरीला घालतील. डेरीचा गाळा हाय गावात. भट्टी वर धुराडं घालून बांधता येती म्हणतेत, कुणी गॅसवर करतेत. काय तरी निघंल. न्हाय निघालं तर न्हाय निघालं. पर परवा त्या गाडीवर म्या तुमच्या पाठीला कान लावून बसले व्हते. माझा जीव चाललाय ह्येचं मला काय वाटत न्हवतं. आवाज येत व्हता, तवर म्या म्हणत व्हते, चला, कुणाचा का आसंना, श्वास चालू हाय. आता कळलं कुणाचा व्हता. त्यो थांबला आसता मधल्या रस्त्यात तर दोघं बी पडलो आसतो येकाच धोतरात.

बब्रुवान : आसं बोलू नगंस.

सारजाबाई : मला घरी येकटीला जायचं न्हाय. येवढंच सांगते. तुमच्यावर राग काढायचा हाय मला, लई दिसांचा. तुमी गेल्यावर म्या कुणावर काढू?

राजेश्वरी : हं मावशी, झाला कागद. इथं अंगठा... नाही, तुम्हाला सही येते ना? चहा तसाच? काका, काय झालं? घाम आलाय तुम्हाला.

बब्रुवान : काय न्हाय. जिना.

राजेश्वरी : मावशी, डॉक्टर विचारत होते पंपाचं. काय सांगू त्यांना?

सारजाबाई : सांगा, म्या ऐंशीच्या आत वढलेत. बाकीचे म्या न्हाय.

राजेश्वरी : मग कुणी?

सारजाबाई : कागद थांबवा माझा. आणखी येक केसपेपर काढा आदी.

राजेश्वरी : कुणाचा?

सारजाबाई : खिशात ती धडधडीची गोळी हाय ना, ज्येची हाय त्येचा. रोज चार-पाच दाब वढतेत वर. सकाळी बी गोळी घेतलीय.

राजेश्वरी : अय्यो शिवा. काका? खरं आहे हे? बघू हात. बोट इकडं द्या, हे लावते बोटाला. सरळ बसा. बोलू नका. ... ऑक्सिजन एक्क्याऐंशी. मावशी, सरका तुम्ही थोड्या, काकांना इथंच टेकू दे. वाफेचं मशीन आणा रे कुणीतरी! आणि डॉक्टरांना बोलवा. नाव सांगा काका, पेपरावर काय लिहू?

सारजाबाई : बोला की अवो. नाव इचारतेत.

राजेश्वरी : त्यांना बोलायला नका लावू. तुम्ही सांगा.

सारजाबाई : म्या कशी सांगू?

राजेश्वरी : म्हणजे?

सारजाबाई : आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्येला बेचाळीस वर्सं झाली.

राजेश्वरी : मावशी, मला लवकर लिहायचंय हो. नावाशिवाय पेपर होत नाही.

सारजाबाई : लिहा. बब्रुवान. बब्रुवान निवृत्ती हुंबे.

राजेश्वरी : वय?

बब्रुवान : अडुसष्ट.

राजेश्वरी : हळू काका. बोटांनी दाखवलं तरी चालेल. दम कधीपासून लागतो?

सारजाबाई : दिवाळीपसनं म्हणाले.

बब्रुवान : न्हाय. हिला दम लागायच्या आदीपसनं.